आदरार्थी अनेकवचन

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रे असतात. अमरावतीच्या अशाच एका केंद्रावर मी गेली काही वर्षे मराठीच्या पदवी अभ्यासक्रमाचे मार्गदर्शन करीत आहे. समोर बसणाऱ्यांत कोणी अंगणवाडी सेविका असते, कोणी एस.टी.चा वाहक असतो, कोणाची कपाशी शेतात उभी असते, तर कोणाचे शिक्षण लग्नामुळे वीस वर्षांपूर्वी सुटलेले असते. यांतील पुष्कळजण वयाने माझ्या बरोबरीचे. त्यामुळे या वर्गात मी सर्वांना ‘तुम्ही’ म्हणते. महाविद्यालयातील नियमित वर्गात मुलांना ‘तू’ म्हणण्याची सवय असूनही रविवारी जीभ आपोआप वळते. त्यासाठी मला कधी प्रयत्न करावा लागलेला नाही.

एका हिवाळ्यात आमचा घटक सर्वनामांचा होता. मराठीत एकाच व्यक्तीला उद्देशून ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी तीन सर्वनामे येतात. व्यक्ती एकच असून तिच्यासाठी अनेकवचन वापरले, तर त्याला आदरार्थी अनेकवचन म्हणतात. हा भेद समोरच्या माणसापुरताच राहत नाही. समोर नसलेल्या माणसाविषयी बोलतानाही क्रियापद त्याची पायरी सांगून जाते. हे समजावून देण्यासाठी मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : ‘शिपाई आला.’ ‘प्राचार्य आले.’ हे उदाहरण मी पंचवीस वर्षे देत आले आहे. ते सोपे आहे, लगेच पटते आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात.

त्या दिवशी तिसऱ्या बाकावरील एक विद्यार्थी उभे राहिले आणि अगदी मोकळेपणाने म्हणाले, “मॅडम, मी ऐतवारी अनेकवचनात रायतो अन् सोमवारी एकवचनात. हे कसं काय जी?”

वर्ग हसला. तेही हसले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. खरोखरच एखादी शंका विचारावी तसे त्यांनी विचारले होते. ते आमच्याच महाविद्यालयात परिचर आहेत. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी वडील. मुले मार्गी लागल्यावर त्यांनी राहिलेली पदवी पूर्ण करायला घेतली होती. सोमवार ते शनिवार ते माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवीत, आणि मी म्हणत असे, “अरे, जरा ती खिडकी उघड.” रविवारी तेच गृहस्थ बाकावर बसत, आणि मी म्हणत असे, “तुम्ही हा उतारा वाचता का?” दोन दिवसांच्या या दोन सर्वनामांची गाठ माझ्या मनात कधी पडली नव्हती. ज्यांना ती दोन्ही ऐकावी लागत, त्यांच्या मनात ती केव्हाच पडली असली पाहिजे.

मी शास्त्राला धरून उत्तर दिले. सर्वनामाची निवड व्यक्तीवर नव्हे, तर प्रसंगावर आणि भूमिकेवर अवलंबून असते. भूमिका बदलली की सर्वनाम बदलते, असे सांगितले. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण पडले असते. त्यांनी मान डोलावली आणि ते वहीत उतरवून घेतले. ते लिहून घेत असताना मला जी लाज वाटली, ती आजही तशीच आहे.

मी ख्रिस्ती आहे. एरवी व्याकरणाच्या घटकात हे सांगण्याचे कारण नाही, येथे आहे. माणसामाणसांत भेद करू नये, हे माझ्यासाठी कोठे तरी वाचलेले सुभाषित नव्हते. अकोल्याच्या आमच्या घरात ते रोजच्या भाकरीबरोबर वाढले जाई. माझ्या आजीची आई छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, अनाथ झालेली मुलगी होती. ती मिशनच्या आश्रयाने वाढली. तिचे आईवडील कोण, गाव कोणते, जात कोणती, हे तिला सांगता आले नाही, आणि तिच्यामुळे आम्हालाही ते कधी सांगता आले नाही. आजी हे अभिमानाने सांगे. देवाने आपल्याला जात विसरायला लावली, असे ती म्हणे.

ही आजी परिचारिका होती. तिच्याइतके दयाळू माणूस मी फार थोडे पाहिले आहे. मध्यरात्री कोणी दार वाजवले, तर कोण आहे हे विचारण्याआधी ती चपला पायांत घाली. आमच्याकडे सफाईसाठी एक बाई येत. (आज मी ‘येत’ असे लिहिते, त्या काळी घरातील लहानथोर सर्वजण ‘ती येते’ असेच म्हणत.) त्यांचा नातू तापाने फणफणला, तेव्हा आजी दोन रात्री त्यांच्या खोपटात बसून होती. त्याच्या शाळेची फी तिने भरली. जुनी लुगडी, धान्य, औषधे यांना तर हिशेबच नव्हता. परंतु मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. तो त्या बाईंचा कप. सकाळी काम आटोपले की त्या तो स्वतः विसळून पुढे धरीत, आणि आजी केटलीची चोच कपाला लागू न देता वरून चहा ओतीत असे. कपाला कान नसल्यामुळे पदराच्या टोकात धरून त्या चहा पीत. पिऊन झाल्यावर पुन्हा विसळून तो कोनाड्यात ठेवीत.

त्या बाईही ख्रिस्ती होत्या, आमच्याच मंडळीतील होत्या. रविवारी त्याच देवळात येत, तीच गीते म्हणत. सगळ्यांत मागे दाराजवळ सतरंजी अंथरलेली असे, तेथे त्या बसत. त्यांना कोणी तेथे बसवले नव्हते, तसे पुढे कोणी बोलावलेही नव्हते. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात दुसऱ्याच अध्यायात एक प्रसंग आहे. सभेत एक धनिक येतो आणि एक दरिद्री येतो. पहिल्याला मानाची जागा दाखवली जाते आणि दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायांशी बसायला सांगितले जाते. असे करणाऱ्यांना याकोब कठोर शब्दांत दोषी ठरवतो. हा भाग आमच्या देवळात मी अनेकदा ऐकला. वाचणारा पुढे उभा असे, त्या मागे सतरंजीवर बसून ऐकत, आणि मधल्या बाकांवर आम्ही.

नाताळात आजी त्यांना भरलेले ताट देई. एका वर्षी त्यांनीही रुमालाने झाकून करंज्यांचे ताट आणले. आजीने ते दोन्ही हातांनी घेतले, मनापासून त्यांचे कौतुक केले, ताट रिकामे परत जाऊ नये म्हणून त्यात साखर घातली. त्या करंज्या आमच्या पानात मात्र आल्या नाहीत. संध्याकाळी त्या शेजारच्या गोठ्यात गेल्या. मी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “तेल बरं नसतं गं. बाधेल.” ती खोटे बोलणारी बाई नव्हती. तेल बाधेल असे तिला खरोखरच वाटले असावे. ज्या गोष्टीकडे पाहायचे नसते, तिच्यासाठी मन असे एखादे प्रामाणिक कारण शोधून काढते. माझे ‘भूमिका बदलली की सर्वनाम बदलते’ हे कारणही असेच प्रामाणिक होते.

त्या रविवारी रात्री मी दया आणि आदर या दोन शब्दांचा विचार करीत बसले. मराठीत दया कोणावर तरी केली जाते. कृपा कोणावर होते, उपकारही कोणावर तरी होतात. आदर मात्र कोणाचा तरी असतो, किंवा कोणाविषयी असतो. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय दयेला, कृपेला आणि उपकाराला चालते. आदराला चालत नाही. यावरून घाईने सिद्धान्त काढू नये, हे मला कळते. प्रेम, विश्वास आणि राग यांनाही हेच ‘वर’ लागते, आणि प्रेमाला कोणी उतरण म्हणणार नाही. भाषेतील एखादा योगायोग म्हणजे समाजाचा पुरावा नव्हे. तरीही आजीच्या केटलीतून उंचावरून पडणारी चहाची धार आठवली, आणि दया ‘वर’ का होते हे निदान आमच्या घरापुरते मला दिसले.

आजीला देणे अवघड नव्हते. घेणे अवघड होते. आपल्या समाजातील उच्चनीचतेचे गणितच या घेण्यावर उभे आहे. वरच्याने खालच्याला अन्न द्यायला कधीच आडकाठी नव्हती. प्रश्न असे तो कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, एवढाच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. मराठीच्या विद्यार्थ्याला त्यातील विनोद आणि बोलकी भाषा परिचित असते. मला त्यातील दुसरी गोष्ट मोलाची वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंनी ती १९०० मध्ये घेतली. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याची आणि जातिभेदाची कल्पना आपल्या मनातून कशी सुटत गेली, हे त्यांनी काहीही न लपवता सांगितले आहे. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेता येऊ लागणे ही त्यांच्या मनातील खरी ओलांडणी होती. दीक्षेचा विधी पुढे झाला. आमच्या घरात हा क्रम उलटा झाला होता. दीक्षा तीन पिढ्यांपूर्वी झाली होती, आणि ओलांडणी अजून व्हायची होती.

ज्या विद्यापीठाशी माझे महाविद्यालय संलग्न आहे, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढले. अकोला-अमरावती वाटेवरचाच हा मुलूख. फुटके गाडगे हेच त्यांचे जेवणाचे आणि पाणी पिण्याचे भांडे. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. लोकांनी ज्यांना वेगळे भांडे दिले, त्यांच्या भांड्यासारखे भांडे या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या हातात वागवले. आम्ही त्यांची जयंती साजरी करतो, हातात झाडू घेऊन आवार झाडतो, छायाचित्रे काढतो. दुसऱ्या दिवसापासून ते आवार जे झाडतात, त्यांना आम्ही पुन्हा ‘अरे’ म्हणतो.

सोमवारी मी ठरवून म्हटले, “तुम्ही जरा ही खिडकी उघडता का?” त्यांनी मागे वळून पाहिले, माझ्या मागोमाग आणखी कोणी आले असावे असे त्यांना वाटले. शेजारी बसलेले सहकारी हसले आणि म्हणाले, “काय मॅडम, आज शिपायाचा वाढदिवस आहे की काय?” मी आठवडाभर नेटाने ‘तुम्ही’ म्हणत राहिले. शनिवारी ते माझ्या टेबलाशी येऊन संकोचाने उभे राहिले. “मॅडम, तुमी मले ‘तुमी’ म्हनता, त माह्याकून काई चुकलं का, असं वाटते.”

भाषेच्या अभ्यासकाला हे आधीच सुचायला हवे होते. जो माणूस नेहमी ‘तू’ म्हणतो, तो एकाएकी ‘तुम्ही’वर आला, तर मराठीत त्याचा अर्थ आदर होत नाही, राग होतो, दुरावा होतो. आई मुलावर चिडली की त्याला ‘या साहेब’ म्हणते. ‘आपण’ या सर्वनामाइतका टोचणारा उपरोध तर दुसऱ्या कोणत्याही शब्दाने साधत नाही. मी सर्वनाम बदलले होते, पण ते बदलण्यापूर्वी त्यांना विचारले नव्हते. म्हणजे हाही चहा वरूनच ओतला होता.

तेव्हा मी विचारले, “मग तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल?” ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “‘तुमी’ म्हना का ‘तू’ म्हना. पन ‘अरे’ म्हनून हाक नोका मारू. माहं नाव हाये न जी.”

त्यांचे नाव मला ठाऊक होते. हजेरीपत्रकावर होते, अभ्यासकेंद्राच्या यादीत होते. पण इतक्या वर्षांत सोमवार ते शनिवार मी ते एकदाही उच्चारले नव्हते. त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट आठवली. आजीच्या घरी येणाऱ्या त्या बाईंचे नाव मला आठवत नव्हते असे नव्हे. ते मला कधी माहीतच नव्हते. पुढे अकोल्याला गेले असताना मी आमच्या देवळातील बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहायला मागितली. त्या मंडळीच्या सभासद होत्या, तेव्हा त्यांची नोंद तिच्यात असणारच. मी पाने उलटत गेले. नावांमागून नावे होती. त्यांतील त्यांचे कोणते, हे मला कोण सांगणार? आजी गेली, आईही गेली. कोणते नाव शोधायचे हेच ठाऊक नसल्यामुळे वही मिटून परत दिली.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० मध्ये सत्ता आणि जवळीक यांची सर्वनामे या विषयावर एक निबंध लिहिला. सामाजिक भाषाविज्ञानात तो आजही पायाभूत मानला जातो. त्यातील मुख्य मुद्दा साधा आहे. दोन माणसे एकमेकांना एकच सर्वनाम वापरीत असतील, तर त्यांच्यात बरोबरीचे नाते असते, मग ते सर्वनाम एकेरी असो वा आदरार्थी. एकाने एकेरीत बोलावे आणि दुसऱ्याने आदरार्थी उत्तर द्यावे, असे असेल तर तेथे सत्ता असते. हा निबंध मी पदव्युत्तर वर्गाला अनेकदा शिकवला आहे. शिकवताना टेबलावर पाण्याचा तांब्या होता, आणि तो कोणी ठेवला याचा त्या निबंधाशी काही संबंध आहे, असे मनात आले नव्हते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर अनुयायांनी हा प्रश्न धर्माचा म्हणून हाती घेतला होता. त्या काळच्या इंग्रजीत एकेरी ‘दाऊ’ आणि आदरार्थी ‘यू’ असे दोन पर्याय होते. देवापुढे सर्व माणसे सारखी, तर न्यायाधीशाला एक आणि गड्याला दुसरे सर्वनाम का, असे विचारून त्यांनी सर्वांनाच एकेरीत बोलायला सुरुवात केली. या उद्धटपणाबद्दल त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला. सर्वांना खाली आणून त्यांनी समता साधली. सर्वांना वर नेऊनही ती साधता आली असती. कोणता शब्द निवडला यापेक्षा तो दोन्हीकडून सारखा जातो की नाही, हे महत्त्वाचे.

त्याच सुमारास मी कापसाच्या शेतीतील जुन्या वऱ्हाडी शब्दांचा संग्रह करीत होते. ‘पऱ्हाटी’, ‘बोंड’, ‘सरकी’, ‘वखर’ हे शब्द सर्वांना माहीत असतात. त्यापलीकडचे, वेचणीला जाणाऱ्या बायकांच्या तोंडचे शब्द मला हवे होते. हे त्यांना कळले तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या आईला विचारा. त्यांचे गाव दर्यापूर तालुक्यात. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. येथे जमीन काळी आणि कसदार, पण भूगर्भातील पाणी खारे. विहीर खणली तरी तिचे पाणी पिववत नाही. गोड्या पाण्याची घागर तेथे तुपासारखी जपली जाते.

दारात पाय ठेवताच त्यांची आई म्हणाली, “ये माय, बस. थकली असशीन. पानी पी. गोडं हाये, नयाचं.” नळाला वऱ्हाडीत ‘नय’ म्हणतात; ‘ळ’चा ‘य’ होतो, हे मी पाठ्यपुस्तकात लिहिले आहे. पण त्या क्षणी ध्वनिपरिवर्तन आठवले नाही. ऐंशीच्या घरातील त्या माउलीने मला सरळ एकेरीत बोलावले होते, आणि त्या ‘तू’मध्ये मला कोठेही कमीपणा लागला नाही. वऱ्हाडात आई, लेक, सून, अनोळखी पाहुणी या सर्वांना ‘माय’ म्हणतात. जो शब्द स्वतःच्या आईसाठी, तोच दारी आलेल्या परक्या बाईसाठी. मी तांब्या घेतला आणि प्याले.

दुपारभर तिने मला शब्द सांगितले. मी चुकीचा उच्चार केला की ती तोंडाला पदर लावून हसे आणि पुन्हा म्हणायला लावी. “डाक्टर झाली अन् येवढं येत न्हाई?” मुलगा शेजारी बसून शब्द वहीत उतरवून घेत होता. मला जे हवे होते, ते तिच्याजवळ होते, आणि ते मागायला मी गेले होते. इतक्या वर्षांत त्या कुटुंबाला मी सणावारी पैसे दिले होते, कपडे दिले होते, मुलीच्या लग्नात आहेर केला होता. मागितले मात्र पहिल्यांदाच. निघताना ती म्हणाली, “थांब माय, आपुन च्या पिऊ.” स्टीलच्या सारख्या गिलासांतून आम्ही तिघांनी चहा घेतला.

परतताना मला योहानाच्या शुभवर्तमानातील विहीर आठवली. भर दुपारी थकलेला येशू शोमरोनातील एका विहिरीपाशी बसला आहे. पाणी भरायला एक बाई येते. यहूदी लोक शोमरोनी लोकांना हीन समजत, त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहरा नाही. म्हणजे प्यायचे तर तिच्याच भांड्याने प्यायला हवे. तिला नवल वाटते ते याचेच. या प्रसंगावर मी लहानपणापासून प्रवचने ऐकली. त्याने तिला काय दिले, कोणते जिवंत पाणी दिले, यावरच ती असत. त्याने आधी मागितले, याकडे माझे लक्ष गेले नव्हते. गुरू म्हणून बोलण्यापूर्वी तो तहानलेला म्हणून तिच्यापुढे आला.

आमच्या घरात वाचल्या जाणाऱ्या मराठी भाषांतरात येशू त्या बाईला एकेरीत बोलतो आणि ती त्याला आदरार्थी उत्तर देते. मूळ ग्रीकमध्ये तसा भेद नाही. तेथे दोघांनाही एकच साधे एकवचनी सर्वनाम आहे. हा भाषांतरकारांचा दोष म्हणता येणार नाही. मराठी वाक्य बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची पायरी ठरवल्यावाचून पुरेच होत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे जे मराठी भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या, अल्पशिक्षित बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. सातशे वर्षांपूर्वी महानुभावांच्या नागदेवाचार्यांनीही केशिराजांना संस्कृतात लिहिण्यापासून थांबवले होते. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. त्या पंथाचे रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. ऐकणाऱ्याचा मान राखून भाषा निवडावी, हा विचार वऱ्हाडच्या मातीला परका नाही. मात्र भाषा निवडली तरी तिच्या आतील पायऱ्या उरतात, आणि त्यांवर उभे कसे राहायचे हे बोलणाऱ्यानेच ठरवायचे असते.

जी वागणूक स्वतःच्या वाट्याला आलेली चालेल, तीच दुसऱ्याला द्यावी, अशी शिकवण येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. सर्वांशी सारखे वागणे म्हणजे काय, याचे उत्तर मी या शिकवणीच्या आधारे आता असे देते : जो शब्द मी दुसऱ्यासाठी वापरते, तो त्याच्याकडून माझ्याकडे परत आला तर मला चालेल काय? त्या माउलीचा ‘तू’ माझ्याकडून तिला परत गेला असता, तरी तिला चालला असता. ती मला माय म्हणतच होती. माझा ‘अरे’ त्यांच्याकडून मला परत आला असता, तर मी प्राचार्यांकडे तक्रार नेली असती. सर्वनामांना हे माप लावता येते, तसेच कपाला लावता येते, बसण्याच्या जागेला लावता येते, करंज्यांच्या ताटालाही लावता येते.

मराठीत ‘आपण’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. समोरच्याला सर्वाधिक आदराने बोलवायचे तर ‘आपण’ म्हणतात, आणि बोलणारा व ऐकणारा मिळूनचा जो ‘आम्ही’, त्यालाही ‘आपण’च म्हणतात. सभेतील ‘आपण’ मी आयुष्यभर शिकवले. ‘आपुन च्या पिऊ’मधले दुसरे ‘आपण’ मला दर्यापूर तालुक्यात ऐकायला मिळाले.

ही गोष्ट येथे संपली असे सांगता येत नाही. आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतो आणि मी त्यांना नावाने हाक मारते. ते मला मॅडमच म्हणतात; माझे नाव त्यांनी अजून घेतलेले नाही, आणि ते घेतले तर मला खरोखर चालेल काय, याची मला खात्री नाही. त्यांच्या आणि माझ्या पगारातील अंतर सर्वनामाने कमी झालेले नाही. घाईत असले की माझ्या तोंडून अजूनही कधीतरी ‘अरे’ निघून जातो. ते काही बोलत नाहीत, नुसते थांबतात. मग मी नाव घेते.

फळ्यावरची दोन वाक्ये मात्र मी बदलली आहेत. आदरार्थी अनेकवचनाचा घटक आला की मी पहिले वाक्य लिहिते : ‘शिपाई आले.’ वर्गात कोणी तरी लगेच विचारते, “मॅडम, किती शिपाई आले?” मी म्हणते, “एकच.” आणि तेथून पाठ सुरू होतो.